आवाज होणार नाही

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस लागली: दुसऱ्या मजल्यावर बाथरूमचं काम सुरू होत आहे, आवाज होणार नाही. पहिल्या वाक्याचं कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्यावर मात्र कुणाचा विश्वास बसेना. या इमारतीत सदान्‌कदा कुणीतरी घर फोडत असतं. ब्रेकर सुरू झाला की वरच्या मजल्यावरच्या मांडणीतली ताटंही वाजायला लागतात आणि पुढं महिनाभर जिन्यात राडारोड्याची पोती. न फोडता बाथरूम नवं होतं म्हणजे नेमकं काय होतं, ते बघायला मी गेले.

घर निवृत्त शिक्षिकेचं. त्यांना सगळी सोसायटी ‘बाई’ म्हणते, मिस्त्रीही दुसऱ्या दिवसापासून तेच म्हणायला लागला. मिस्त्री लातूरकडचा, पन्नाशीचा, सोबत बिगारी म्हणून सख्खा पुतण्या. बाथरूमच्या भिंतींना सहा इंची पांढऱ्या टाइल्स होत्या, इमारतीइतक्याच जुन्या. त्या काढायच्याच नव्हत्या. त्यांच्यावरच दोन बाय चार फुटांची नवी टाइल चिकटवायची होती.

पण आवाज आधी करावाच लागतो, तो वेगळ्या कारणासाठी. मिस्त्रीनं छन्नीच्या मुठीनं एकेक जुनी टाइल ठोकून पाहिली. खणखणीत वाजली की पुढं. बद्द वाजली की मार्करनं फुली. बद्द म्हणजे मागे पोकळ, म्हणजे ती उद्या सुटणार आणि आपल्यासोबत वरची नवी टाइलही घेऊन खाली येणार. फुल्या मारलेल्या तेवढ्या काढल्या, खड्डे भरले, उरलेल्यांची चकाकी घासून मोडली. नोटिशीचा मान साधारण राखला गेला.

नव्या सामानातली मला सगळ्यात मोलाची वाटली ती चिकटवायची पावडर. दिसायला सिमेंटच. त्यात बारीक वाळू, पॉलिमर आणि पाणी धरून ठेवणारं सेल्युलोज असतं. जुनी चिनी मातीची टाइल पाणी पिते, तासन्‌तास भिजवून लावली की सिमेंटची रबडी तिच्या पाठीत शिरते आणि पकड घेते. मोरबीहून येणारी आजची व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही. रबडीला शिरायला जागाच नाही. अशा टाइला साध्या सिमेंटवर लावल्या आणि दोन-तीन वर्षांत भिंतीवरून उतरल्या, अशा गोष्टी प्रत्येक मिस्त्रीकडे असतात. टाइल-ॲडहेसिव्हचं भारतीय मानक, आयएस १५४७७, २००४ साली आलं, २०१९ मध्ये सुधारलं गेलं. गोणीवर त्याचा क्रमांक आणि प्रकार छापलेला असतो. मिस्त्रीला क्रमांक पाठ नव्हता, पण टाइलवर टाइल लावायला कुठली गोणी लागते ते दुकानदाराआधी तोच सांगत होता.

वीस किलोच्या गोणीला पाच लिटरच्या आसपास पाणी. कालवायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, पुन्हा कालवायचं. मग दातेरी थापीनं भिंतीवर ओढायचं. इथून पुढं सगळं वीस मिनिटांवर चालतं.

“वीस मिनटं,” मिस्त्री म्हणाला. तेवढ्यात टाइल बसली पाहिजे. हवेनं वरून साय धरली की खालचा माल कितीही ओला असला तरी टाइल नुसती टेकते, धरत नाही. साय आली का ते तो बोटानं बघायचा. बोटाला माल लागला तर ठीक, कोरडं राहिलं तर सगळं खरवडून टाकायचं. बाईंनी मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावला होता, आयुष्यभराची सवय. तो वाजायच्या आत टाइल बसलेली असायची. एकदा पुतण्यानं घमेल्यात घट्ट होत आलेल्या मालावर पाण्याचा शिपका मारला, तेव्हा मात्र मिस्त्रीचा आवाज जिन्यापर्यंत गेला. सिमेंटच्या कामात हे चालून जायचं. इथं वरून पाणी घातलं की पॉलिमरची पकड गेली. “वीस मिनटं म्हंजे वीस मिनटं. ही काय आपली रबडी हाय का?”

थापीचे दात गोलगोल फिरवायचे नाहीत, सरळ एका दिशेनं ओढायचे, म्हणजे टाइल दाबताना मधली हवा रेघांतून बाहेर निघते. टाइलच्या पाठीवर भट्टीतली पांढरी भुकटी असते, ती ओल्या स्पंजनं पुसून तिथंही पातळ हात मारायचा. अजून कितीतरी ठिकाणी टाइलच्या मागे मालाचे पाच गोळे लावून ती भिंतीला दाबून टाकतात. चार कोपरे, एक मध्ये. वरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक कळतो तो टॉवेलच्या दांडीसाठी ड्रिल मारताना, गोळा नसलेल्या जागी कडकन तडा जातो तेव्हा.

ओळीसाठी लेझर. तिवईवरची डबी, भिंतीवर हिरव्या दोन रेघा, एक आडवी, एक उभी. आत लोलक असतो, डबी तीन-चार अंशांपर्यंत कलली तरी तो रेघ सरळ करतो. त्याहून जास्त कलली की रेघ लुकलुकते. लाल रेघेपेक्षा हिरवी उजेडात जास्त ठळक दिसते, कारण आपला डोळाच हिरव्याला जास्त दाद देतो. पूर्वी हे काम पाण्याच्या नळीवर व्हायचं. एक माणूस या कोपऱ्यात, दुसरा त्या, आणि नळीत बुडबुडा अडकला की खोलीभरची ओळ तिरकी. मिस्त्रीनं लेझर रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून घेतला होता आणि दुपारी जेवायला बसतानाही तो हाताच्या अंतरावर ठेवायचा. नळीची आठवण काढून हळवं होण्याची हौस त्याला नव्हती. “नळी धरायला माणूस लागायचा, ताई. त्याची हजेरी कोण देणार?” नव्या हत्यारानं कुणाची तरी हजेरी गेली, हे तो सहज बोलून गेला.

दोन टाइलांच्या कडा वरखाली होऊ नयेत म्हणून सांध्यात पांढरी प्लॅस्टिकची क्लिप आणि तिच्यात लाल पाचर. पाचर पक्कडीनं दाबली की दोन्ही कडा एका पातळीत येतात. दुसऱ्या दिवशी लाथ मारून क्लिपा मोडायच्या. मोडलेल्या क्लिपांचा सडा बघून मला बरं वाटलं नाही, एकदा वापरून फेकायचं आणखी एक प्लॅस्टिक. मिस्त्री मात्र खूश होता. पूर्वी कडेवरून नख फिरवत प्रत्येक सांधा तपासावा लागायचा.

हे सगळं बाथरूममध्ये. मला सारखं जावंसं वाटायचं ते ड्राय बाल्कनीत, जिथं पुतण्या टाइल कापत बसायचा.

एका टाइलचं वजन चौदा किलो. काचेला लावतात तसले सक्शनचे हँडल लावून ती बाल्कनीत आणायची, पाटावर आडवी ठेवायची, नळासाठी गोल खूण करायची आणि ग्रायंडर सुरू. पहिल्या सेकंदाला पांढरा लोट उठतो. जळक्या खडूचा वास येतो, तो घशाच्या मागे बसतो आणि संध्याकाळपर्यंत जात नाही, हे मी माझ्या घशाचं सांगते. पुतण्याच्या तोंडावर रुमाल बांधलेला होता. पापण्या पांढऱ्या.

मी शेजारी असताना त्यानं पाण्याची बाटली काढली. झाकणाला खिळ्यानं पाडलेलं भोक. बाटली दाबत दाबत पात्यावर बारीक धार सोडली की लोट उठत नाही, नुसतं दुधासारखं पाणी वाहतं. अख्ख्या कामातलं सगळ्यात हुशार हत्यार मला हे वाटलं. पण एक हात बाटलीत गुंतला की टाइल धरायला दुसरा माणूस लागतो. पेन्सिलची खूण पुसली जाते. बाल्कनीत चिखल होतो. आणि वायरचा ग्रायंडर असला तर ओल्या हाताला झटका. आता ग्रायंडर बॅटरीवरचा आहे, २३० व्होल्टचा धोका टळला, तरी त्यावर पाणी ओता असं तो बनवणारा कधीच सांगणार नाही. त्यामुळं बाटली निघते ती घाई नसली तरच. वीस मिनिटांसाठी माल ओढून ठेवलेला असतो, आतून हाक येते, आणि मग रुमालावरच भागतं.

रुमालानं भागत नाही. डोळ्यांना दिसते ती भुकटी जड असते, खाली बसते. फुफ्फुसाच्या तळाशी पोचतात ते सिलिकाचे काही मायक्रॉनचे कण, न दिसणारे. त्यांतून होणाऱ्या सिलिकोसिसवर इलाज नाही, काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी आपल्याकडं सध्या मिरवला जाणारा क्वार्ट्झचा कृत्रिम दगड ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून बंद केला, तो कापणाऱ्या तरुण कारागिरांची फुफ्फुसं गेली म्हणून. त्या दगडात सिलिका नव्वद टक्क्यांच्या वरही असते. टाइलमध्ये त्याहून कमी, पण असतेच. धूळ ओढून घेणारं झाकण ग्रायंडरला बसवता येतं, ते व्हॅक्यूमला जोडता येतं. ट्रेमध्ये पाणी भरून कापणारं टेबलही मिळतं. कोविडात घरोघरी आणलेले एन-९५ मास्क तर अजून खणांत पडून असतील. यातलं काहीही दुसऱ्या मजल्यावर पोचलं नव्हतं.

सांधे एपॉक्सीनं भरले. राळ, हार्डनर आणि रंगीत पूड; हळदीचा डागही धरत नाही म्हणे. ते लवकर कडक होतं, म्हणून काका-पुतण्या दोघंही स्पंज घेऊन त्याच्या मागे धावत होते. बाथरूम देखणं झालं, यात शंका नाही.

शंका दुसरीच आहे. जुनी फरशी तशीच ठेवली की तिच्याखालचं जुनं वॉटरप्रूफिंगही तसंच राहतं. खालच्या घराच्या छताला ओल असेल तर ही नवी टाइल ती झाकेल, थांबवणार नाही. त्यासाठी आधी पाणी तुंबवून किमान दिवसभर वाट बघायची असते, आणि गळालं तर फोडायचंच, आवाज होवो न होवो. इथं खालच्यांची तक्रार नव्हती, म्हणून तपासलंही गेलं नाही. फरशी दीडेक सेंटिमीटर वर आली, दार घासायला लागलं, सुताराला बोलावून खालून तासून घेतलं. नहाणीची जाळीही उचलावी लागली.

बाईंनी मला कोटेशन दाखवलं. टाइल, ॲडहेसिव्ह, एपॉक्सी, क्लिप, पाचर, दरवाजा तासणं, प्रत्येकाची वेगळी ओळ. मी मिस्त्रीला म्हटलं, पाण्याच्या कटरचं भाडं आणि दोघांचे मास्क याची एक ओळ घाला की. बाईही लगेच म्हणाल्या, मी दिलं असतं.

“तुमी दिलं असतं, बाई,” तो म्हणाला. “पण कोटेशन तीन ठिकाणचं मागवता ना तुमी. ज्याच्यात ती ओळ नाय, त्यालाच काम.”

त्याचं पुढचं काम बाणेरला होतं. तिथं टाइल चार बाय आठची, उचलायला चार माणसं, कापायला हाच ग्रायंडर.