दप्तराचा सर्वाधिकार : वतन कीं नेमणूक ?

१. जुन्या कागदांचा रुमाल सोडून त्यांतील पत्रांची यादी करणें हें संशोधकाचें पहिलें काम होय. ही यादी पूर्वीं वहींत होई. आतां ती बहुधा संगणकावरील डेटाबेसांत होते. करवीर राज्य १ मार्च १९४९ रोजीं मुंबई राज्यांत विलीन झालें, व त्या दरबारचें दप्तर आज कोल्हापुरांतील शासकीय पुराभिलेखागारांत आहे. त्याखेरीज इनामदार, देशमुख, कुळकर्णी यांच्या वंशजांकडे राहिलेल्या कागदांच्या याद्या ज्यांच्या त्यांनींच करावयाच्या आहेत. यादी कशी भरावी हें सर्व विचारतात; भरलेली यादी बदलण्याचा अधिकार कोणाचा, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत तेवढाच विचार करूं.

२. अस्सल कागदावर खाडाखोड झाली तर शाई, अक्षराचें वळण, कागद आणि शिक्का हे चार साक्षीदार उभे राहतात. राजपत्राच्या अखेरीस मोर्तब असतें तें याचसाठीं, कीं त्याखालीं मागाहून कोणी ओळ घालूं नये. शिवछत्रपतींच्या मोर्तबावरील ‘मर्यादेयं विराजते’ हीं अक्षरें वाचकांस परिचित आहेतच. डेटाबेसांतील नोंदीस असें मोर्तब नाहीं. तेथें जुना आंकडा जाऊन नवा बसतो व मागें व्रण राहत नाहीं. समजा, एका पत्राचा शक १६३५ असा चुकून पडला आहे आणि तो वारणेच्या तहाच्या सालाचा, म्हणजे शके १६५३ (इ. स. १७३१) असा सुधारावयाचा आहे. नोंदकारानें आज्ञा लिहिली, परंतु ‘अमुक क्रमांकाच्या कागदापुरतें’ ही अट घालण्यास तो विसरला. त्याच्या हातीं पूर्ण अधिकार असेल तर क्षणार्धांत यादींतील सर्व पत्रें शके १६५३ चीं होतील. हा अपघात निदान डोळ्यांत भरतो. एकाच पत्राचा शक नकळत फिरला तर तो पुढील पिढ्यांच्या ग्रंथांत निर्धास्तपणें उद्धृत होत राहील.

३. येथें एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. पीजीॲडमिन, पीएचपीमायॲडमिन इत्यादि व्यवस्थापनाचीं साधनें हीं केवळ दारें आहेत. अधिकार साधनाचा नसून ज्या खात्यानें आपण आंत शिरतों त्या खात्याचा असतो. मायएस्क्यूएलमध्यें ‘रूट’ व पोस्टग्रेसमध्यें ‘पोस्टग्रेस’ या नांवाचें आरंभींचें खातें सर्वाधिकारी असतें. पोस्टग्रेसमध्यें तर अशा खात्यास वाचन-लेखनाच्या परवानग्यांची तपासणीच लागू होत नाहीं. त्यावर निर्बंध लिहून ठेवले तरी ते व्यर्थ होत. नित्याचें काम याच खात्यानें करणें म्हणजे कारकुनाच्या हातीं शिक्का देऊन बाहेरगांवीं जाण्यासारखें आहे.

४. उपाय कठीण नाहीं. पाहणें, नवी नोंद घालणें, असलेली बदलणें आणि काढून टाकणें हे चार अधिकार सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट व डिलीट या नांवांनीं वेगवेगळे देतां येतात. वाचकास पहिला पुरे. नोंदकारास पहिले दोन द्यावे. तपासनिसास तिसराही द्यावा, आणि तोही शक, तिथि, विषय अशा ठराविक स्तंभांपुरता देतां येतो. हे अधिकार व्यक्तीच्या नांवें न देतां भूमिकेच्या नांवें द्यावे व व्यक्तीस त्या भूमिकेंत घालावें. म्हणजे माणूस बदलला तरी व्यवस्था मोडत नाहीं. कामास लागेल तेवढाच अधिकार असावा, हें तत्त्व सॉल्ट्झर व श्रोडर या शास्त्रज्ञांनीं इ. स. १९७५ मध्यें संगणकाच्या संदर्भांत स्पष्ट मांडलें.

५. तथापि त्याचें मर्म आपल्या दप्तरास नवें नाहीं. गगनबावड्याच्या अमात्य घराण्यांतील रामचंद्रपंतांच्या नांवें असलेल्या आज्ञापत्रांत, सेवकांस नवीं वतनें देऊं नयेत असा स्पष्ट उपदेश आहे; एकदां दिलेली वृत्ति वंशपरंपरा चालते व राज्याचें कायमचें अंग तुटतें. याच रामचंद्रपंतांस इ. स. १६८९ मध्यें राजाराम महाराज जिंजीकडे जातेवेळीं ‘हुकुमतपनाह’ म्हणून विस्तृत अधिकार मिळाले होते. अर्थात् प्रसंगीं मोठा अधिकार द्यावा लागतो हें त्यांस अनुभवानें ठाऊक होतें. कायमच्या देणगीस त्यांचा विरोध होता. डेटाबेसांतही हाच भेद पाळावा. वाढीव अधिकार ही नेमणूक असावी, तिचें वतन होऊं नये. तपासनिसाचें नित्याचें खातें निराळें व दुरुस्तीचें निराळें असावें. काम संपतांच अधिकार ‘रिव्होक’ या आज्ञेनें काढून घ्यावा. पोस्टग्रेसमध्यें खात्यास मुदत घालतां येते, पण ती मुदत संकेतशब्दाची असते. दिलेला अधिकार तिनें संपत नाहीं. तसेंच, अधिकार पुढें देण्याची मुभा कोणास दिली असेल तर सावध राहावें. मायएस्क्यूएलमध्यें मूळ देणाऱ्याचा अधिकार काढला तरी त्यानें इतरांस दिलेले अधिकार तसेच राहतात. ते एकेक शोधून काढावे लागतात.

६. आतां सर्वाधिकाऱ्यावर लक्ष कोणी ठेवावें ? सभासदानें इ. स. १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरींत एकाच गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस व कारखानीस असे निरनिराळे अधिकारी सांगितले आहेत. एकाच्या मनांत आलें म्हणून गड शत्रूच्या हातीं जाऊं नये, हा त्यांतील हेतु. प्रत्येक बदलाचें जुनें व नवें रूप, करणाऱ्याचें खातें आणि वेळ हीं आपोआप वेगळ्या तक्त्यांत उतरवून ठेवण्याची सोय डेटाबेसांत आहे. तीस ट्रिगर म्हणतात. परंतु सर्वाधिकारी ही सोय बंद करूं शकतो, व ती नोंदही पुसूं शकतो. सबब त्या नोंदीची आणि संपूर्ण यादीची प्रत वेळोवेळीं दुसऱ्या विश्वासू माणसाच्या ताब्यांत, वेगळ्या ठिकाणीं असावी, आणि ती प्रत खरोखर उघडते कीं नाहीं हें अधूनमधून पाहावें.

७. आमच्या संग्राहक मित्रांस एवढीच विनंति आहे. आपल्या डेटाबेसांत आज किती खातीं आहेत, त्यांपैकीं सर्वाधिकारी किती, आणि त्यांतील कोण कधींच काम सोडून गेले आहेत, ही यादी प्रथम करावी. मग कागदांची. मूळ कागद वाळवीनें खाल्ला तर पुष्कळदां ही यादीच काय ती त्याची साक्ष उरते, आणि ती साक्ष निर्मळ ठेवणें हें आपल्या हातीं आहे.