दुःख घरात, मुदत न्यायालयात

मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका विशीतल्या मुलाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. टॅक्सीने त्याला पुण्याला आणलं. तिथल्या डॉक्टरांनी पुरेशी भूल न देताच, मदतनिसांकरवी जोर लावून पाय ओढला आणि प्लास्टर घातलं. ९ मेच्या रात्री मुलगा गेला. वडील स्वतः दापोलीत डॉक्टर होते. त्यांनी आणि मुलाच्या आईने १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांचं अपील फेटाळलं तेव्हा १९६८ साल उजाडलं होतं. भरपाई मिळाली तीन हजार रुपये. ‘लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले’ या निकालाचा दाखला वैद्यकीय हलगर्जीच्या खटल्यांत आजही दिला जातो.

त्या वडिलांना नेमकं काय चुकलं ते कळत होतं, कारण ते त्याच पेशातले होते. बहुतेक घरांत तसं नसतं. कर्ता माणूस दुसऱ्याच्या हलगर्जीने जातो, पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला जातो आणि ‘केस चालू आहे’ या दिलाशावर वर्ष-दोन वर्षं सरतात. पण ती केस सरकार विरुद्ध आरोपी अशी असते. तिच्यातून दोषीला शिक्षा होईल किंवा होणारही नाही. घराला भरपाई हवी असेल तर बहुतेक वेळा घरच्यांनाच वेगळा दावा लावावा लागतो. तो कुठे लावायचा हे मृत्यू कशाने झाला यावर ठरतं, आणि प्रत्येक ठिकाणची मुदत निराळी आहे.

आधी फौजदारी बाजू. हलगर्जीने मृत्यू घडवणं हा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. जुन्या कलम ३०४-अ मध्ये कमाल शिक्षा दोन वर्षांची होती, आता ती पाच वर्षांची आहे. उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून असा मृत्यू झाला तर कमाल दोन वर्षं. इथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. भरपाईच्या दाव्यात ‘असंच घडलं असण्याची शक्यता जास्त’ एवढं पटवलं तरी पुरतं. म्हणून चालक फौजदारी खटल्यात सुटला तरी भरपाईचा दावा आपोआप बुडत नाही.

रस्त्यावरच्या मृत्यूसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. अपघात द्रुतगती मार्गावर झाला आणि घर साताऱ्यात असेल, तर दावा साताऱ्यातही लावता येतो. मात्र १ एप्रिल २०२२ पासून हा दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावण्याची अट आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं असलं तरी त्या भरवशावर थांबू नये. चूक कोणाची या वादात न पडता पाच लाखांची ठरलेली भरपाई घेण्याची सोय मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये आहे. ठोकर मारून पळालेलं वाहन सापडलंच नाही, तर सरकारी योजनेतून दोन लाख मिळतात.

चूक सिद्ध करून लावलेल्या दाव्यात आकडा कसा निघतो, ते एका कल्पित उदाहरणावर पाहू. ३८ वर्षांचा, स्वतःचा व्यवसाय करणारा वायरमन. महिन्याची कमाई २५ हजार. मागे बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचे झाले तीन लाख. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाची कमाई पुढे वाढली असती, म्हणून त्यात ४० टक्के मिळवतात : ४ लाख २० हजार. तो स्वतःवर खर्च करत असेल तो भाग वजा होतो. अवलंबून असणारे चार असल्याने तो पाव धरतात. उरले ३ लाख १५ हजार. या वयाचा गुणक १५. म्हणजे ४७ लाख २५ हजार. शिवाय सहवास हरपल्याची आणि अंत्यविधीच्या खर्चाची ठरावीक रक्कम. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या ‘सरला वर्मा’ आणि २०१७ च्या ‘प्रणय सेठी’ या निकालांनी हे गणित देशभर एकसारखं केलं.

आता याच घराकडे कमाईचा एकही कागद नाही असं धरा. न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न ठरवतं. ते महिना १२ हजार धरलं तर याच हिशेबाने येतात २२ लाख ६८ हजार. साडेचोवीस लाखांचा फरक पडतो तो पासबुक, बिलबुक आणि जीएसटी किंवा आयकराच्या कागदांवर. गृहिणी गेली तर ‘कमावत नव्हती’ ही विमा कंपनीची सबबही आता चालत नाही. घरकामाचं मोल धरून तिचंही उत्पन्न ठरवावं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या ‘कीर्ती’ खटल्यात पुन्हा बजावलं.

समोर दुसरं वाहनच नाही, खड्ड्यात दुचाकी आदळून माणूस गेला, तर? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूसाठी सहा लाख रुपये भरपाई ठरवून दिली. महापालिका हद्दीत त्यासाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे.

लोकलच्या दारातून पडून होणारे मृत्यू मुंबईला नवे नाहीत. त्यांचा दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जातो, मुदत एक वर्षाची, आणि १ जानेवारी २०१७ पासून रक्कम आठ लाख. रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही, मृत व्यक्ती रीतसर प्रवासी होती एवढं दाखवावं लागतं. तिकीट किंवा पास गर्दीत हरवला म्हणून दावा मोडीत निघत नाही. घरच्यांनी शपथपत्र द्यावं, मग तसं नव्हतं हे दाखवणं रेल्वेचं काम, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘रीना देवी’ खटल्यात सांगितलं. रूळ ओलांडताना झालेला मृत्यू मात्र यात बसत नाही.

रुग्णालयातला मृत्यू सर्वांत अवघड. पैसे देऊन घेतलेले उपचार १९९५ पासून ग्राहक कायद्याखाली येतात. तक्रारीची मुदत दोन वर्षं. उपचारांवर ५० लाखांपर्यंत खर्च झाला असेल तर जिल्हा आयोग. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात त्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध हा रस्ता बंद आहे. तिथे दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात रिट. रुग्ण दगावला एवढ्यावर हलगर्जी सिद्ध होत नाही. सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरने जे केलं असतं ते इथे केलं नाही, हे तज्ज्ञाच्या मताने दाखवावं लागतं. फौजदारी गुन्ह्यासाठी तर हलगर्जी घोर असावी लागते, हे २००५ च्या ‘जेकब मॅथ्यू’ निकालाने ठरलं आहे.

पहिला घोळ शवविच्छेदनापाशी होतो. ‘जाणारा गेला, आता चिरफाड कशाला?’ असं कुणीतरी वडीलधारं म्हणतं आणि सही करून मृतदेह ताब्यात घेतला जातो. मग सहा महिन्यांनी वकील मृत्यूचं कारण विचारतो तेव्हा हातात फक्त ‘हृदयक्रिया बंद’ एवढं लिहिलेला दाखला असतो. उपचारांबद्दल शंका असेल तर अंत्यसंस्कारापूर्वी पोलिसांना लेखी कळवून शवविच्छेदन मागावं. केसपेपर, नर्सच्या नोंदी, तपासण्यांचे अहवाल लेखी अर्ज करून मागावेत. अर्जापासून ७२ तासांत ते देणं वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पोचपावती जपून ठेवावी.

कामावर असताना मृत्यू झाला तर मालकाची चूक दाखवण्याची गरज नसते. कामगार राज्य विम्याची (ईएसआय) नोंद असेल तर अवलंबितांना महिन्याची रक्कम मिळते, नसेल तर भरपाई मालकाने द्यायची. तुटलेल्या वीजतारेच्या बाबतीतही असंच. मध्य प्रदेशात रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने सायकलस्वार गेला. कुणीतरी वीजचोरीसाठी ती तार टाकली होती, ही वीज मंडळाची सबब सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये फेटाळली. धोकादायक वस्तू बाळगणाऱ्याने तिची जबाबदारी घ्यायची, हा न्याय.

लिफ्ट, कोसळलेली भिंत, जलतरण तलाव अशा बाकीच्या मृत्यूंसाठी तोच १८५५ चा कायदा आजही हाताशी आहे. पती-पत्नी, आईवडील आणि मुलांसाठी दिवाणी दावा, मृत्यूपासून दोन वर्षांत. सरकारी यंत्रणेचा ढिसाळपणा उघड असेल तर थेट उच्च न्यायालयातही जाता येतं. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसं गेली. नातेवाइकांनी एकत्र येऊन रिट लावली. भरपाईचा अंतिम आकडा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरवला, चौदा वर्षांनी.

एवढी वर्षं झगडण्याच्या धास्तीनेच ‘मिटवून टाका’ म्हणणारे लवकर भेटतात. दशक्रियेच्या आत पाकीट घेऊन येणारा मध्यस्थ कोऱ्या कागदावर सही मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावं. तडजोड करूच नये असं नाही. लोकअदालतीत विमा कंपनीशी झालेली तडजोड कित्येक वर्षं वाचवते. पण त्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून आधी वरच्यासारखं गणित स्वतः मांडून पाहावं आणि मगच आकड्याला होकार द्यावा.

वकिलाची फी कुठून आणायची, या विचाराने पुष्कळ विधवा पहिलं पाऊलच टाकत नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कामगारांना मोफत वकील मिळतो. स्त्रीला तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे कार्यालय आहे, राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर भेटायला जाल तेव्हा सांत्वनासोबत एवढं नक्की विचारा : गुन्ह्याची प्रत, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल हातात आला का, आणि दाव्याची मुदत कधी संपते?