स्वादुपिंडाचे आरोग्य, लयकारिका आणि मधुमेह

प्रस्तावना :
उरण परिसराचे जीवन दीर्घकाळ भातशेती, मासेमारी आणि मिठागरे यांवर आधारलेले होते. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि व्यवसायांबरोबर राहणीही बदलत गेली. अशा बदलत्या राहणीत मधुमेहाचा विचार केवळ साखरेपुरता केला जातो. वस्तुतः या रोगाचा एक धागा स्वादुपिंडाच्या पेशींतील लयकारिकांपर्यंत पोहोचतो.

लयकारिकांचे कार्य :
बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द दूव्ह यकृतावरील इन्शुलिनच्या परिणामाचा अभ्यास करीत असताना लयकारिकांचा शोध लागला. 1955 मध्ये त्यांनी या अंगकाला नाव दिले. लयकारिका म्हणजे आम्लधर्मी द्रव व पाचक विकरे असलेली आवरणयुक्त पिशवी होय. जीर्ण तंतुकणिका, सदोष प्रथिने व इन्शुलिनचे जुने कण यांचे ती विघटन करते आणि उपयुक्त घटक पेशीला परत देते.

स्वादुपिंडातील दुहेरी भूमिका :
स्वादुपिंडाच्या पाचकरस निर्माण करणाऱ्या पेशींत ट्रिप्सिन हे विकर निष्क्रिय रूपात साठविले जाते. लयकारिकेतील कॅथेप्सिन-बी त्याच्या संपर्कात आल्यास ते पेशीतच सक्रिय होऊन स्वादुपिंडाचा दाह उद्भवू शकतो. बीटा पेशींत मात्र धोका स्वच्छता थांबण्याचा असतो. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांच्या बीटा पेशींतील स्वभक्षणाची क्रिया बंद करताच बीटा पेशींची संख्या व इन्शुलिनचा स्राव घटला. अतिरिक्त स्निग्धाम्ले व ग्लुकोज यांमुळेही ही यंत्रणा मंदावते, असे प्रयोगशाळेतील अभ्यास दर्शवितात.

महाराष्ट्रातील संदर्भ :
पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनानुसार, तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन 2.7 किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील बालकांचे 3.5 किलोग्रॅम होते. तथापि वजनातील फरकाच्या मानाने पुण्यातील बालकांची चरबी फारशी कमी नव्हती. यावरून सडपातळ दिसणारी व्यक्ती मधुमेहापासून सुरक्षित असतेच असे नाही, हे स्पष्ट होते.

समारोप :
2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे 10.1 कोटी मधुमेही आहेत. लयकारिकांना लक्ष्य करणारे उपचार अद्याप संशोधनाच्या टप्प्यावर आहेत. म्हणून बीटा पेशींवरील भार हलका करणारा व्यायाम, मित आहार आणि वजन कमी असले तरी वेळेवर रक्ततपासणी, हेच आज हाती असलेले उपाय होत.