बरोबरी कोणाशी?

विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावच्या कापसाचा भाव फक्त स्थानिक आवकेवर ठरत नाही. परदेशी रुई भाडे, विमा, आयातशुल्क धरून भारतातल्या गिरणीला केवढ्याला पडते, हा हिशेबही त्यामागे असतो. अर्थशास्त्रात या पडत्या किमतीला आयात-समतुल्य किंमत म्हणतात; म्हणजे इथे बरोबरी परदेशी रुईच्या किमतीशी. इथली रुई तिच्यापेक्षा महागली की गिरणी बाहेरून गाठी मागवते. 2021पासून असलेले सुमारे 11 टक्के आयातशुल्क केंद्राने ऑगस्ट 2025मध्ये तात्पुरते माफ केले आणि ही पातळी खाली आली. गंमत अशी, की त्याच हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव वाढवून क्विंटलला 8,110 रुपये केलेला होता.

न्यायालयातली बरोबरी निराळी: सहआरोपीला जामीन मिळाला, तर तशीच भूमिका असलेला दुसराही त्याच आधारावर तो मागू शकतो.

प्रादेशिक धोरणातल्या बरोबरीत प्रश्न मोजपट्टीचा. 1953च्या नागपूर कराराने विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाची हमी दिली. 1983मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने राज्याच्या सरासरीखाली राहिलेल्या जिल्ह्यांचा विकासाचा अनुशेष काढला. पण एकक जिल्हा धरल्याने यवतमाळचा आकडा निघाला, त्यात राळेगाव तालुक्याचा वेगळा दिसला नाही.