धरणाकाठचा स्वाध्याय

मराठी शालेय पुस्तकात धड्याच्या अखेरीस ‘स्वाध्याय’ असे शीर्षक येते आणि त्याखाली प्रश्न असतात. जैन कुटुंबातील मुलांना हा शब्द आणखी एका ठिकाणी भेटतो. सहा अभ्यंतर तपांत स्वाध्यायाची गणना होते. एका ठिकाणी तो परीक्षेची तयारी आहे, तर दुसऱ्या ठिकाणी निर्जरेचे साधन. घरी बसून, आपल्या गतीने पदवीचा अभ्यास करणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला या दोन्ही अर्थांची गरज भासते.

दिल्ली विद्यापीठाने 1962 मध्ये पत्रद्वारा शिक्षणाचा प्रारंभ केला. 1985 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. लग्नामुळे, दुकानाच्या जबाबदारीमुळे किंवा वडिलांच्या अकाली निधनामुळे ज्यांचे शिक्षण खंडित झाले, त्यांच्यासाठी हे दार उघडले. मात्र या सोयीतच तिचा धोका दडलेला आहे. येथे तासाची घंटा नाही, हजेरी नाही. ‘पर्युषणानंतर वाचू’, ‘दिवाळीनंतर लिहू’ असे म्हणता म्हणता वर्ष सरते आणि पुस्तकांचा गठ्ठा कपाटात तसाच राहतो. एकदा सुटलेले शिक्षण दुसऱ्यांदा सुटले की मनुष्य स्वतःलाच दोष देऊ लागतो.

मानवी भूगोलाचा प्राथमिक अभ्यासक्रम याबाबतीत विद्यार्थ्याच्या मदतीला येतो, कारण त्याची प्रयोगशाळा दाराबाहेरच असते. लोकसंख्या, स्थलांतर, वस्ती, व्यवसाय आणि भूमीचा उपयोग हे त्याचे मुख्य घटक. खडकवासल्याच्या रहिवाशाने हे घटक वाचून सभोवार पाहावे. 1870 च्या दशकात मुठा नदीवर उभ्या राहिलेल्या धरणाने पुण्याला पाणी दिले. कालव्याने दौंड-इंदापूरकडील शेतीचे रूप पालटले. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर यांसारख्या वसाहती वसल्या. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीमुळे देशभरातील तरुण येथे येऊ लागले. जून 2021 च्या अखेरीस पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या 23 गावांत खडकवासलाही होते. गाव शहर कसे होते, हा पुस्तकातील प्रश्न येथे अंगणात सोडवता येतो.

या विषयाच्या पहिल्याच प्रकरणात एक जुना वाद भेटतो. जर्मन अभ्यासक रॅट्झेल यांनी मानवी जीवनावरील निसर्गाच्या प्रभावावर भर दिला. फ्रेंच अभ्यासक विदाल द ला ब्लाश यांच्या मते निसर्ग केवळ शक्यता पुढे ठेवतो, निवड मनुष्य करतो. जैन वाचकाला हा वाद परका वाटू नये. काल, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ या पाच कारणांपैकी कोणतेही एकटे पुरेसे नाही, असे आपली परंपरा सांगते. सह्याद्रीचा पाऊस आणि खोऱ्याची रचना हा स्वभाव; तेथे धरण बांधणे हा पुरुषार्थ. पावसाळ्यात जीवहिंसा टाळण्यासाठी साधु-साध्वी विहार थांबवून एका ठिकाणी राहतात. येथेही ऋतू निसर्गाचा आणि निर्णय मनुष्याचा.

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. सूत्र धर्मग्रंथांच्या अभ्यासासाठी असले, तरी त्यातील शिस्त लौकिक विद्येलाही उपयोगी पडते. एकट्याने शिकणारे बहुतेक जण वाचनेपाशीच थांबतात. अडलेली शंका अभ्यासकेंद्रावर जाऊन विचारणे ही पृच्छना. धरणाच्या भिंतीकडे पाहत वाचलेल्याचा विचार करणे ही अनुप्रेक्षा. व्याख्या व आकृत्यांची उजळणी हा आम्नाय. शिकलेले दुसऱ्याला समजावून सांगणे हे पाचवे अंग, आणि त्यासाठी घरात ऐकणारा कोणी लागतो. आईने किंवा आजीने पुस्तक उघडले असता तिला स्वयंपाकघरातून हाक न मारणे, रात्री जेवणानंतर ‘आज काय वाचलेस?’ असे विचारणे, एवढे जरी घराने केले तरी घंटेची उणीव बरीच भरून निघते.

स्थलांतराचा घटक आला की आणखी एक काम हाती घ्यावे. आपले घराणे मारवाड, गुजरात, कर्नाटक किंवा सांगली-कोल्हापूरच्या कोणत्या गावातून निघाले, का निघाले, येथे प्रथम कोणता व्यवसाय केला, हे घरातील वृद्धांना विचारून वहीत लिहावे. जन्मगाव, विवाहानंतरचे गाव, दुकानाचे गाव अशा नोंदींतून कुटुंबाचा नकाशा तयार होतो. ही माहिती सांगणारी पिढी झपाट्याने कमी होत आहे. पदवी एक वर्ष उशिरा मिळाली तरी चालेल. ती वही मात्र यंदाच्या चातुर्मासातच सुरू व्हावी.