दुधाचे दात आणि औषधाचे कण

‘दुधाचा दात पडणारच आहे, मग त्यावर उपचार कशाला?’ असे अनेक घरांत म्हटले जाते. हा समज चुकीचा आहे. बालकाला सुमारे सहाव्या महिन्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत वीस दुधाचे दात येतात. त्यांतील मागच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत टिकणे आवश्यक असते. अन्न चावण्याबरोबरच कायमच्या दातांसाठी जागा राखण्याचे कामही त्या करतात. अशी दाढ किडून अकाली काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पुढे येणारा दात वाकडा येऊ शकतो.

तोंडात औषध टिकवणे मात्र अवघड असते. लाळ सतत स्रवते आणि लावलेले औषध धुऊन नेते. लहान मूल गुळणी करण्याऐवजी औषध गिळून टाकते. पोटातून औषध द्यावे, तर ते साऱ्या शरीरात पसरते. टेट्रासायक्लिनसारख्या प्रतिजैविकामुळे तर वाढत्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. म्हणूनच थोडे औषध नेमक्या जागी आणि दीर्घकाळ कसे पुरवावे, हा बालदंतवैद्यकापुढील महत्त्वाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर नैसर्गिक बहुवारिकांत शोधले जात आहे. मण्यांच्या माळेप्रमाणे लहान रेणू एकमेकांस जोडले जाऊन जो दीर्घ रेणू बनतो, त्यास बहुवारिक म्हणतात. कोळंबी व खेकड्याच्या कवचात कायटिन नावाचे बहुवारिक असते. १८५९ मध्ये फ्रान्समधील रूझे यांनी ते तीव्र अल्कलीत उकळून एक नवा पदार्थ मिळवला. तोच आजचा कायटोसान होय. कोकणात कोळंबी सोलून जे कवच फेकले जाते, त्यातही याचा कच्चा माल असतो.

कायटोसान सौम्य आम्लात विरघळतो व त्यावर धन विद्युतभार येतो. त्यात औषध मिसळून ऋणभारित ट्रायपॉलिफॉस्फेटचे द्रावण थेंबाथेंबाने सोडले, की अतिसूक्ष्म कण तयार होतात. त्यांतील अनेक कण केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतात. तोंडातील श्लेष्मल त्वचा आणि जिवाणूंचा पृष्ठभाग ऋणभारित असल्याने हे कण तेथे चिकटतात. पाणी शोषून ते फुगतात आणि आतील औषध हळूहळू बाहेर पडते. तपकिरी सागरी शेवाळापासून मिळणारे अल्जिनेटही कॅल्शियमच्या द्रावणात असेच मणी बनवते.

अशा संशोधनात दंतवैद्य आणि औषधनिर्माते या दोघांचेही ज्ञान लागते. बंगळूरमधील जयनगर येथे १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाशी या दोन्ही शाखांची अनेक महाविद्यालये संलग्न आहेत. एका विषयाची अडचण दुसऱ्या विषयाच्या साहाय्याने सोडवण्यास अशी जवळीक उपकारक ठरते.

तथापि या कणांवरील बरेचसे काम अद्याप प्रयोगशाळेतील चाचण्यांच्या टप्प्यावर आहे. कवचधारी जलचरांची ॲलर्जी असलेल्या बालकांबाबत विशेष दक्षता घ्यावी लागते. शिवाय कण कितीही गुणकारी ठरला, तरी तो निष्काळजीपणाची भरपाई करू शकत नाही. रात्री झोपण्यापूर्वी पालकांनी स्वतः मुलाचे दात घासून द्यावेत. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पुरते. दातावर पांढरा किंवा तपकिरी डाग दिसताच दंतवैद्याकडे जावे, कारण कीड जितकी लहान, तितका उपचारही सोपा असतो.