काळी दिसणारी लाल विजार

जुना कृष्णधवल फोटो मोबाइलवर चढवायचा आणि क्षणात रंगीत करून घ्यायचा, हा खेळ आता घरोघरी चालतो. आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो असेल तर काही बिघडत नाही. पण एकोणिसाव्या शतकातल्या सैनिकांचे फोटो असे रंगवून 'इतिहास जिवंत झाला' म्हणून फिरवले जातात, तेव्हा मात्र राहवत नाही. कारण त्या काळच्या काचेवर गणवेशाचा रंग नीट उमटतच नव्हता.

अमेरिकन यादवी युद्धातली (१८६१–६५) न्यूयॉर्कची पाचवी पलटण घ्या. अल्जीरियातल्या फ्रेंच झुआव्ह सैनिकांच्या धर्तीवर तिचा पोशाख होता : आखूड निळं जाकीट, गोंड्याची लाल टोपी आणि ढगळ, भडक लाल विजार. फोटोत ही विजार जवळजवळ काळी दिसते. उलट, साध्या पायदळाची आकाशी विजार चांगलीच उजळ, कधी पांढुरकी उमटते. घोडदळाच्या गडद निळ्या जाकिटाला पिवळी किनार असे, तोफखान्याच्या जाकिटाला लाल. फोटोत दोन्ही गडद होतात आणि कापडात मिसळून जातात. फिकट किनार दिसली तर ती आकाशी, म्हणजे पायदळाची, असण्याची शक्यता अधिक. आपल्याकडेही मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, त्या सुमाराची तंत्रं हीच. त्यामुळे तेव्हाच्या फोटोतला शिपायाचा लाल डगलाही काळपटच येणार.

कारण सरळ आहे. त्या काळी काचेवर कोलोडियन या चिकट द्रावणाचा थर देत; अशा प्लेटवरचे चांदीचे क्षार जांभळा आणि निळा प्रकाश शोषतात. पिवळ्या-तांबड्याची त्यांना जवळपास दखलच नसते. लाल कापडावरून आलेल्या प्रकाशाने प्लेटवर फारसं काही घडत नाही, म्हणून ती जागा काळी राहते.

बाजूंचाही घोळ असतोच. लोखंडी पत्र्यावरचा टिनटाइप कॅमेऱ्यातच थेट तयार होई, त्यामुळे त्यात आरशासारखं उलटं चित्र येई. पट्ट्याच्या बकलवरची अक्षरं उलटी, कोटाची बटणं बायकांच्या कपड्यांसारखी, उजव्या कमरेची काडतुसांची पेटी डावीकडे. हे ठाऊक असलेले काही सैनिक फोटोपुरती हत्यारं मुद्दाम दुसऱ्या बाजूला बांधत. मग पेटी योग्य जागी आणि बटणं मात्र चुकीच्या बाजूला! जाणकार म्हणूनच आधी बकल आणि बटणं ताडून पाहतो, रंगाचं नंतर.

रंगाच्या या सगळ्या कथेत ज्याचं नाव घ्यायला हवं आणि क्वचितच घेतलं जातं, तो माणूस म्हणजे बर्लिनचा प्राध्यापक हेर्मान फोगेल. छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झचा गुरू एवढीच त्याची ओळख उरली आहे, ही मला अन्यायाची गोष्ट वाटते. १८७३ साली इंग्लंडहून आलेल्या काही कोरड्या प्लेट्स तो वर्णपटावर तपासत होता. त्यातली एक निळ्यापेक्षा हिरव्याला जास्त दाद देत होती. हे व्हायलाच नको होतं! दुसऱ्या कुणी प्लेट खराब म्हणून फेकून दिली असती. फोगेलने पाहिलं की काचेच्या मागून प्रकाश उलटू नये म्हणून कारखानदाराने तिच्यात पिवळा रंग मिसळला होता. त्याने तो रंग अल्कोहोलने धुऊन काढला, आणि हिरव्याची दाद गेली. मग त्याने दुसरे रंग मिसळून पाहिले : कोरालिन घातल्यावर प्लेट पिवळ्यालाही जागी झाली.

चांदीच्या क्षाराला हिरवी-पिवळी भाषा येत नाही. रंगाचा रेणू मध्ये दुभाष्यासारखा उभा राहतो, ती भाषा स्वतः ऐकतो आणि चांदीला तिच्या बोलीत सांगतो. इतकं मोठं काम रंगाच्या एका चिमटीने होतं, याचं मला आजही नवल वाटतं. सुरुवातीला अनेकांनी फोगेलवर अविश्वास दाखवला. पुढच्या वर्षी शास्त्रज्ञ एदमों बेकरेलने क्लोरोफिल वापरून तसाच परिणाम दाखवला, तेव्हा बाजू पालटली. १८८४ मध्ये फोगेलने ओबरनेटर या रसायनज्ञाबरोबर इओसिन हा रंग वापरून सुधारित प्लेट बाजारात आणली.

म्हणून फोटोचं वर्ष ठरवणं हे गणवेश ओळखण्याच्या आधीचं काम. १८६० च्या दशकातला फोटो असेल तर पिवळी किनार गडद येणार. १८९० च्या दशकात नव्या प्लेटवर काढला असेल तर ती उजळूही शकते. लालाला मात्र तेव्हाही वाट पाहावी लागली. सर्व रंगांना दाद देणारी प्लेट बाजारात आली ती १९०६ साली.

शिवाय रंग खरा कळला तरी पलटण कळेलच असं नाही. १८६१ च्या जुलैत बुल रनच्या रणांगणावर दक्षिणेची तेहतिसावी व्हर्जिनिया पलटण निळ्या कपड्यांत चालून आली. समोरच्या तोफवाल्यांना ती आपलीच वाटली, त्यांनी गोळे रोखून धरले आणि तोफा गमावल्या.